रँचवर दिसलेलं लांब शेपटीचं मांजर: ते काय असेल आणि पुढे काय करावं

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही दक्षिण टेक्सासात राहतो. रेमंडव्हिलच्या पूर्वेला एका ओळखीच्या रँचवर गेलो होतो. दिवस मावळताना काटेरी झुडपांतून गडद रंगाचं, लांब शेपटीचं एक मांजर बाहेर आलं आणि तारेच्या कुंपणाखालून पलीकडे गेलं. मोबाईलवर एकच अंधूक फोटो मिळाला, सोबत जोडला आहे. रँचमालक जॅग्वारंडी म्हणतात, त्यांचा गडी ब्लॅक पँथर म्हणतो. नेमकं काय असेल? कुणाला कळवावं? आणि कळवलं तर मालकांच्या जमिनीवर सरकारी बंधनं येतील का? त्यांना सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे.’

आधी ब्लॅक पँथर बाजूला करू. आपल्या माणसांचा त्यावर चटकन विश्वास बसतो, कारण कोकणात आणि गोव्यात काळा बिबट्या खरोखर आहे, तो कॅमेऱ्यातही आलेला आहे. पण टेक्सासात बिबट्याच नाही. तिथलं मोठं मांजर म्हणजे प्यूमा, आणि काळ्या प्यूमाचा एकही सिद्ध पुरावा आजवर मिळालेला नाही. दोन्ही अमेरिकांत पिढ्यान् पिढ्या प्यूमांची शिकार झाली, हजारो कातडी जमा झाली, त्यांत काळं एकही नाही. जग्वार, म्हणजे बिबट्यासारखाच ठिपकेवाला पण अंगाने दणकट प्राणी, काळा असू शकतो, पण तो मुख्यतः दक्षिणेकडच्या दमट जंगलांत. गेल्या तीस वर्षांत अमेरिकेत ज्या जग्वारांचे फोटो मिळाले ते सगळे ठिपकेवाले, आणि सगळे ॲरिझोना-न्यू मेक्सिकोतले. गड्याने जे पाहिलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मावळतीच्या उजेडात पाठीमागे प्रकाश असला की कुठलंही मांजर काळं दिसतं आणि मोकळ्या माळावर मोठंही दिसतं, कारण डोळ्याला तुलनेला काही मिळत नाही.

जॅग्वारंडीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. हे मांजर दक्षिण टेक्सासात खरोखर होतं. एकरंगी अंग, राखाडी-काळपट किंवा तांबूस. डोकं लहान आणि चपटं, कान छोटे आणि गोल, पाय आखूड, शेपूट लांब. सगळी ठेवण पाणमांजरासारखी. पण अमेरिकेतली त्याची शेवटची पक्की नोंद १९८६ ची, ब्राउन्सव्हिलजवळ रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या प्राण्याची. त्यानंतर त्याच पट्ट्यात ऑसिलॉट या ठिपकेवाल्या, लांब शेपटीच्या रानमांजरासाठी वर्षानुवर्षं कॅमेरे लावले गेले. ऑसिलॉट आले, आखूड शेपटीचे बॉबकॅट आले, जॅग्वारंडी एकदाही आला नाही. तो दिवसाढवळ्या फिरणारा प्राणी आहे. ऑसिलॉटसारखं लाजरं, रात्रीचं मांजर ज्या कॅमेऱ्यांत पुन्हा पुन्हा येतं त्यांत जॅग्वारंडी इतकी वर्षं चुकून राहील हे मला पटत नाही. अभ्यासकांचंही आता तेच मत आहे की तो टेक्सासातून गेला. तरीही ‘मी जॅग्वारंडी पाहिला’ असं सांगणारे लोक दर वर्षी भेटतात आणि त्यांतले बरेच जण रानात आयुष्य काढलेले असतात. त्यांनी पाहिलेलं बहुतेक वेळा रानटी झालेलं काळं किंवा करडं घरमांजर असतं. जॅग्वारंडीचं वजन तीन किलोपासून सहा-सात किलोपर्यंत भरतं, म्हणजे मोठा बोका आणि तो यांच्यात अंगाने फारसा फरक नाही. म्हणूनच नुसत्या डोळ्यांच्या साक्षीवर ही नोंद कुणीच मान्य करणार नाही, आणि करूही नये.

राहिला ऑसिलॉट. मालकांना तो सुचला नाही याचं मला थोडं आश्चर्य वाटलं, कारण तुम्ही जो भाग सांगताय तो अमेरिकेतल्या ऑसिलॉटांचं शेवटचं घर आहे. सगळ्या देशात मिळून शंभराच्या आसपासच उरलेत. त्यांचे दोन गट आहेत. एक कॅमरन काउंटीत, लगुना अटास्कोसा या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाभोवती. आणि दुसरा, मोठा गट विलसी आणि केनेडी काउंटीतल्या खासगी रँचेसवर. म्हणजे या देशातले बहुसंख्य ऑसिलॉट सरकारी जंगलात नाहीत, गुरं चरतात त्या जमिनीवर आहेत. इतुर्रिया कुटुंबाच्या रँचवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा नीट अभ्यासले गेले आणि तेही मालकांनी फाटक उघडलं म्हणूनच. पुढे ईस्ट फाउंडेशन या रँच चालवणाऱ्या संस्थेच्या एल साऊझ रँचवर काम झालं.

ते तिथेच का टिकले हे समजून घ्या, म्हणजे तुमचं मांजर ज्या झुडपातून बाहेर आलं ते झुडूप किती मोलाचं आहे ते लक्षात येईल. ऑसिलॉटला दाट काटेरी रान लागतं, इतकं दाट की आत माणसाला सरळ उभं राहून चालता येत नाही. मेस्किट, ग्रँहेनो, टेक्सास एबनी यांच्या फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात. हा मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचाच भाऊबंद. आत वाकून, गुडघ्यावर शिरलं की जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत बोगदे दिसतात. त्यांत उंदीर, ससे, लावे, आणि त्यांच्या मागे ऑसिलॉट. रिओ ग्रांदे खोऱ्यातलं असं रान शेती आणि शहरांसाठी ९५ टक्क्यांच्या आसपास साफ झालं. जे राहिलं त्यातलं बरंच अशा रँचमालकांनी राखलं ज्यांना हरणांची शिकार भाड्याने द्यायची होती, लावे हवे होते, किंवा बापजाद्यांनी मोडलं नाही म्हणून आपणही मोडायचं नाही असं वाटत होतं. गंमत म्हणजे याच रँचेसवर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात किंग रँचने आणून सोडलेल्या आपल्या नीलगाईंचे कळप आज हजारोंनी हिंडतात. एखाद्या ऑसिलॉटच्या वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यात नीलगाय येते तेव्हा मला अजूनही क्षणभर मराठवाडा की टेक्सास असं होतं.

आता तुमचा फोटो. मी तो मोठा करून, उजेड वाढवून पाहिला. मागचा अर्धा भाग दिसतोय, शेपूट खाली, टोक गवतात. शेपटीमुळे बॉबकॅट बाद होतो. दक्षिण टेक्सासातल्या बॉबकॅटच्या अंगावर ठिपके इतके ठसठशीत असतात की ऑसिलॉट म्हणून कळवलेले बरेच फोटो त्याचेच निघतात, पण त्याची शेपूट वीतभर असते. तुमच्या मांजराची शेपूट मागच्या गुडघ्याच्या बरीच खाली गेलेली आहे. शेपटीच्या मधल्या भागात गडद-फिकट असे दोन पट्टे असावेत असं वाटतं. असावेत, एवढंच म्हणतो, कारण तेवढ्याच जागी गवताच्या काड्याही आडव्या गेल्यात. ऑसिलॉटच्या शेपटीला कडी असतात आणि अंगावरचे ठिपके साखळीसारखे लांबट जोडलेले असतात. मानेवरून खांद्याकडे समांतर रेघा जातात. खांदा आणि मान फोटोत असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. घरमांजर की ऑसिलॉट हा प्रश्न आता एकाच गोष्टीवर आलाय, आणि ती म्हणजे आकार.

आकार काढता येतो, आणि तुमच्या नशिबाने फोटोत तारेचं कुंपण आहे. त्याच जागी परत जा. जिथे उभं राहून फोटो काढलात तिथेच, त्याच फोनने, झूम न वापरता उभे राहा. मांजर जिथे होतं तिथे मालकांना किंवा गड्याला सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी जमिनीला टेकवून धरायला सांगा. कुंपणाचे तेच दोन खांब चौकटीत त्याच जागी येतील असा फोटो घ्या. मग दोन्ही फोटो एकावर एक ठेवले की पाठीची उंची आपोआप कळते. मोठा बोका खांद्याला २५-३० सेंटिमीटर भरतो, पूर्ण वाढलेला ऑसिलॉट साधारण ४० ते ५०. खालची तार जमिनीपासून किती उंच आहे तेही मोजून लिहा. हे काम पाऊस पडण्याआधी किंवा कुणी गवत कापण्याआधी करा, आणि जाताच आहात तर धुळीत ठसे बघा. मांजराच्या ठशात नख्या उमटत नाहीत, आणि तळव्याच्या मोठ्या गादीच्या मागच्या कडेला तीन गोलाई असतात. कुत्रा आणि कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) यांच्या ठशात तसं नसतं. ठशाशेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा. नाणं ठेवू नका, नाण्याचा आकार नंतर प्रत्येक जण वेगळा आठवतो. विष्ठा सापडली तर हात न लावता कागदी पाकिटात घ्या, प्लास्टिकमध्ये ओल धरते. तिच्यातल्या जनुकांवरून जात पक्की करता येते, आणि माझ्या मते अंधूक फोटोपेक्षा चमचाभर वाळलेली विष्ठा कितीतरी मोलाची.

मात्र यातलं काहीही मालकांना विचारल्याशिवाय करू नका. पुढचं सगळं मी याच एका मुद्द्यावर सांगणार आहे. रँचच्या मुलखात दुर्मीळ मांजर दिसतं ते कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर, आणि ते मांजर पुढच्या वर्षीही दिसेल की नाही हे त्या मालकाच्या मनात आज काय उमटतं त्यावर ठरतं.

ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीवरची गोष्ट सांगतो, कारण जग्वारबाबत तिथे नेमकं हेच घडलं. मार्च १९९६. पेलोन्सिलो डोंगरात वॉर्नर ग्लेन हे रँचमालक खेचरावर बसून, शिकारी कुत्र्यांच्या मागे प्यूमाच्या शोधात होते. कुत्र्यांनी कड्यावर काहीतरी अडवलं. जवळ जाऊन बघतात तो जग्वार. अमेरिकेत जिवंत रानटी जग्वारचे फोटो कुणाकडे नव्हते. ग्लेन यांच्याकडे बंदूक होती आणि कॅमेराही होता. त्यांनी कॅमेरा काढला, फोटो घेतले, कुत्री मागे ओढली आणि जग्वारला दक्षिणेकडे जाऊ दिलं. त्यानंतर खरा पेच होता. हे जाहीर करायचं का? शेजारचे रँचमालक हेच म्हणत होते जे तुमचे मालक म्हणतायत: नाव बाहेर पडलं की सरकार येईल, चराईचे परवाने अडकतील. ग्लेन यांनी जाहीर केलं. ते मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप या रँचमालकांच्याच संघटनेचे होते, आणि त्या संघटनेने पुढे जग्वारने मारलेल्या गुरांची भरपाई द्यायची सोय केली. भरपाई शेजाऱ्याच्या हातून मिळते तेव्हा तिची किंमत वेगळी असते. जुन्नर-आंबेगावात बिबट्याने शेळी नेल्यावर पंचनाम्यासाठी ताटकळलेल्या माणसाला हे मी वेगळं समजावून सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टअखेर पश्चिमेला बाबोकिवारी डोंगरात दुसरा जग्वार दिसला, तोही प्यूमाची शिकार करणाऱ्यांनाच, आणि त्यांनीही त्याचे फोटो आणि चित्रीकरण करून त्याला सोडलं. १९९७ मध्ये जग्वारला अमेरिकेतही संरक्षण मिळालं. त्या वेळी ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांनी कॅमेरा निवडला हे मला आजही फार मोठं वाटतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बाबोकिवारीतला तो नर, ज्याला नंतर ‘माचो बी’ म्हणू लागले, कितीतरी वर्षं कॅमेऱ्यात येत राहिला. अंगावरचे गुलाबाकृती ठिपके प्रत्येक जग्वारचे निराळे, त्यामुळे तोच तो हे कळत होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये तो फासात अडकला, बेशुद्ध करून त्याला कॉलर बसवली, आणि दोन आठवड्यांच्या आत, २ मार्चला, मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे त्याला फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात दयामरण द्यावं लागलं. फासाजवळ मादी जग्वारची विष्ठा आमिष म्हणून ठेवली होती हे नंतर उघड झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. म्हातारा प्राणी होता, वय पंधरा-सोळाच्या घरातलं. तो कॅमेऱ्यात सुखाने येत होता. याहून जास्त त्याच्याकडून काही मागायची गरज नव्हती. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो: मांस ठेवून, आवाज वाजवून किंवा वास लावून ते मांजर परत बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. कुणी ‘पिंजरा लावून बघू’ म्हटलं तर ठाम नाही म्हणा. परवान्याशिवाय ऑसिलॉट पकडणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

आता मालकांच्या धास्तीकडे. ती खोटी नाही, पण वस्तुस्थितीपेक्षा मोठी आहे. ऑसिलॉटला संकटग्रस्त प्रजाती कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारणं, पकडणं, इजा करणं गुन्हा आहे आणि तो दिसो वा न दिसो, हा नियम आजही त्या रँचवर लागू आहेच. दिसल्याची खबर दिल्याने गुरं चारायला, कुंपण दुरुस्त करायला, हरणांची शिकार भाड्याने द्यायला बंदी येत नाही. ज्याला ‘क्रिटिकल हॅबिटॅट’ म्हणतात, म्हणजे प्रजाती वाचवण्यासाठी कायद्याने जाहीर केलेला अधिवास, ते ऑसिलॉटसाठी घोषितच झालेलं नाही. जग्वारसाठी ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत २०१४ मध्ये झालं, पण त्याचा भार केंद्र सरकारच्या स्वतःच्या किंवा त्याच्या परवान्याने चालणाऱ्या कामांवर पडतो. ॲरिझोनातले रँचमालक सरकारी जमिनीवर परवान्याने गुरं चारतात, म्हणून तिथे तो प्रश्न उभा राहिला. टेक्सासात जमीन जवळजवळ सगळी खासगी. दुसरी गोष्ट, टेक्सासचा राज्य कायदा वन्यजीव खात्याला खासगी जमिनीवर मालकाला सल्ला देताना गोळा केलेली माहिती गोपनीय ठेवायला सांगतो. आणि ‘सेफ हार्बर’ नावाचा करार असतो: मालकाने प्राण्यासाठी रान राखलं आणि त्यामुळे संख्या वाढली, तर वाढलेल्या संख्येचं ओझं पुढे त्याच्या डोक्यावर टाकलं जात नाही. ईस्ट फाउंडेशनने २०२४ मध्ये केंद्रीय वन्यजीव सेवेशी असाच करार केला, आपल्या सान अँटोनियो विएहो रँचवर ऑसिलॉट नव्याने वसवण्यासाठी. रँचवाल्यांनी आपणहून पुढे येऊन केलेलं हे काम आहे. मालकांना हे एखाद्या रँचवाल्याच्याच तोंडून ऐकू द्या. माझ्यासारख्या जीवशास्त्रज्ञाने सांगितलेलं त्यांच्या गळी उतरणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

कळवायचं ठरलं तर माझी पहिली पसंती किंग्जव्हिलच्या सीझर क्लेबर्ग वन्यजीव संशोधन संस्थेला आहे. टेक्सासातल्या ऑसिलॉटांवर सगळ्यात जास्त काम तिथे झालंय आणि रँचमालकांशी बोलायची त्यांना सवय आहे. त्यानंतर राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं. खबर मालकांच्या नावाने, त्यांच्या शब्दांत जाऊ द्या. तुम्ही साक्षीदार.

फोटो मात्र तोपर्यंत कुठेही टाकू नका. मोबाईलच्या फोटोत अक्षांश-रेखांश बसलेले असतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतानाही एक जण तो पुढे पाठवणारच. ॲरिझोनात जग्वारची बातमी देताना डोंगररांगेचं नाव सांगतात, ओढा-नाला सांगत नाहीत, आणि ते बरोबर आहे. ‘एल हेफे’ नावाचा नर टूसॉनजवळच्या सांता रिता डोंगरात वर्षानुवर्षं फिरला, २०१६ मध्ये त्याचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं, पण कॅमेरा कुठल्या घळीत आहे ते बाहेर पडलं नाही. पुढे तो दिसेनासा झाला, आणि २०२१ च्या अखेरीस मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याच्या मध्य भागातल्या एका कॅमेऱ्यात आला. ठिपके जुळवून तोच तो हे सिद्ध झालं. त्याआधी ॲरिझोनात फिरणारा दुसरा एक तरुण नर, ‘योको’, सोनोरात मारला गेला होता; २०१८ मध्ये त्याच्या कातड्याचे फोटो आले तेव्हा तो कोण हे त्याच ठिपक्यांवरून कळलं. सोनोरातल्या नॉर्दर्न जग्वार रिझर्व्हच्या शेजारचे रँचमालक आपल्या जमिनीवर कॅमेरे लावू देतात आणि जग्वार, ऑसिलॉट, प्यूमा, बॉबकॅट यांच्या प्रत्येक फोटोचे त्यांना पैसे मिळतात, जग्वारचे सगळ्यात जास्त. वासरू गेल्याचा राग आणि फोटो आल्याचा आनंद एकाच घरात आला की हिशोब बदलतो, हे मी तिथल्या स्वयंपाकघरांत बसून पाहिलंय: मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलेलं, एकामागून एक गाई, गाई, वाऱ्याने हललेलं गवत, परत गाई, आणि मग अचानक ठिपके. घरातली म्हातारी माणसंसुद्धा खुर्ची सोडून उठतात.

तुमच्या मालकांनी परवानगी दिली तर दोन कॅमेरे लावा. एक पुरत नाही. मांजराच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे ठिपके वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, पण एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जाणार नाही असे थोडे तिरके. ऑसिलॉटसाठी जमिनीपासून फूटभर उंची पुरे. लोक छातीच्या उंचीवर लावतात आणि मग पाठीचा फोटो येतो. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवतीचा-मावळतीचा सूर्य भिंगात शिरत नाही. झाडाला बांधू नका, गाई खाजवायला येतात आणि सगळं वाकडं करतात. कुंपणाचा लोखंडी खांब ठोका आणि त्याला घट्ट बसवा. समोरचं गवत कापा, नाहीतर कार्ड दोन दिवसांत गवताच्या फोटोंनी भरेल. जागा निवडताना मोकळा माळ सोडा, दाट झुडपातून जिथे जनावरांची पायवाट कुंपणाखाली जाते तीच जागा. तुमचं मांजर जिथून गेलं ती.

आणि एक गोष्ट परवानगीची वाट न पाहता करा. रेमंडव्हिलहून पोर्ट मॅन्सफील्डकडे किंवा हायवे ७७ वर जाताना रस्त्याकडेला ठिपक्यांचं मेलेलं मांजर दिसलं तर गाडी सुरक्षित जागी थांबवून जागेची खूण लिहून घ्या आणि लगेच कळवा. टेक्सासात ऑसिलॉटांच्या मृत्यूचं जे कारण सगळ्यात जास्त नोंदलं गेलंय ते गाडीची धडक, आणि त्यांच्यासाठी भुयारी वाटा कुठे बांधायच्या हे अशाच नोंदींवरून ठरलंय. शरीर उचलू नका, ते जवळ बाळगणंही बेकायदा ठरू शकतं. रस्ता सार्वजनिक आहे, त्यामुळे या खबरीने मालकांच्या जमिनीचा प्रश्नच येत नाही.

काठी धरून काढलेला फोटो मिळाला की मूळ फोटोसह पाठवा, छोटा न करता. उंची ४० सेंटिमीटरच्या वर निघाली तर किंग्जव्हिलला कुणाशी कसं बोलायचं ते मी सांगेन, आणि मालक तयार असतील तर पहिला फोन त्यांनीच करावा.